दौलतच्या कावडीचे पाणी

मित्रांनो, मी ठाण्याच्या चेंदणी भागातील एक जुनी चिंच आहे. ठाण्यास पहिली आगगाडी आली, तेव्हा तिची शिटी ऐकून माझ्या शेंड्यावरचे बगळे भिऊन उडाले होते. यावरून माझ्या वयाचा अदमास तुम्ही करावा. मनुष्यास लाज वाटली म्हणजे तो मान खाली घालतो, किंवा उठून दुसऱ्या गावी तरी जातो. झाडास यांपैकी काहीच करता येत नाही. ज्या जागी अपराध घडला, त्याच जागी सर्वांदेखत ताठ उभे राहावे लागते, आणि येणारे-जाणारे "काय डेरेदार झाड आहे!" म्हणून वाखाणतात, तेही निमूटपणे ऐकावे लागते. असे वाखाणणे मी बारा वर्षे ऐकत आले. आता ऐकवत नाही, म्हणून माझी हकीकत तुमच्यापुढे मांडते.

माझा जन्म कोणी हौसेने केला नाही. मिठाच्या गाडीवरील कोण्या गाडीवानाने चिंच चघळून चिंचोका थुंकला, तो रुजला, एवढेच माझे कुळ. पुढे माझ्या शेजारी एका ख्रिस्ती कुटुंबाने घर बांधले. पटकीच्या साथीत घरातील माणसे वाचली, म्हणून त्या घराच्या मूळ पुरुषाने माझ्या सावलीत चुन्याच्या चौथऱ्यावर एक पांढरा क्रूस उभारला. तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात, दिवेलागणीस, आळीतील माणसे त्या क्रुसापुढे गुडघे टेकून लादीन म्हणत, म्हणजे प्रार्थना गात. प्रार्थना आटोपली की सर्वांना मिठात उकडलेले चणे वाटण्याची चाल होती. हे चणे, मित्रांनो, ध्यानात ठेवावे.

माझे तारुण्य मोठ्या मानात गेले. मिठागरांवरून येणारे बैल माझ्याखाली विसावत. कोळणी टोपल्या उतरवून घटकाभर बसत आणि जाताना कालवणासाठी चिंचेचे चार आकडे ओच्यात टाकून नेत. सगळ्यांना एका गोष्टीचे विशेष कौतुक वाटे. ते म्हणत, "या चिंचेखाली बघा, गवताची काडी नाही. कसं झाडल्यासारखं स्वच्छ!" ते ऐकून मी फुगून जात असे. ती स्वच्छता नव्हती. माझ्या बारीक मुळांची जाळी जमिनीच्या अगदी कातडीखाली पसरली होती. तिथे पडणाऱ्या कोणत्याही बीजास ती पाण्याचा थेंब मिळू देत नव्हती. ज्याला मी माझा गुण समजत होते, ती माझी हाव होती. परंतु त्या वेळी मला हे कोण सांगणार?

त्या घरात पुढे सिल्वेस्टर नावाचे गृहस्थ नांदू लागले. ते कचेरीत कारकून होते. स्वभावाने गरीब, शब्दाला शब्द न वाढवणारे. त्यांची पत्नी क्लेमेंटिना मात्र जिवाची फार हळवी आणि तितकीच तडकणारी. त्यांचा एकुलता एक मुलगा पॉल आगबोटीवर नोकरीस लागून दूर देशी गेला. तो गेला त्या दिवशी क्लेमेंटिनाबाई क्रुसापुढे येऊन म्हणाल्या, "माझा पॉल परत येईतो तुझ्या पायाशी हिरवा पाला सुकू देणार नाही." नवस बोलून त्यांनी खाली पाहिले. खाली नुसती धूळ होती.

त्या धुळीत बाग करण्यासाठी त्यांनी दौलत नावाचा एक गडी ठेवला. दौलत खाडीपलीकडे नव्हे, अलीकडेच बाळकुमास राहणारा आगरी. जन्म मिठागरावर गेलेला. मिठाच्या पाण्यात उभे राहून त्याच्या पायांना भेगा पडल्या होत्या, म्हणून त्याने ते काम सोडले होते. बागेच्या कामावर आला त्या दिवशी तो सिल्वेस्टरांना म्हणाला होता, "पावनं, गोड्या पान्याचा काम मिलला, आता पाय बरं होतील." एवढे समाधान त्याच्या तोंडावर होते, की ते आठवले म्हणजे आजही माझी पाने मिटतात.

घरच्या विहिरीचे पाणी शिमग्यानंतर खाडीमुळे मचूळ होई. म्हणून झाडांसाठी पाणी आणायचे ते तळ्यावरून. दौलत खांद्यावर कावड घेऊन सकाळी सहा खेपा करी आणि उन्हे कलल्यावर सहा. त्या पाण्याला शेवाळाचा किंचित वास होता आणि ते फार गोड होते. मी हे खात्रीने सांगू शकते. कारण ते मी प्याले आहे.

पहिल्या वर्षी बाईंनी मुंबईहून नेच्यांची रोपे आणि रंगीत पानांचे अळू आणवले. ही सावलीत वाढणारी झाडे. माझ्याखाली ती सुखाने राहतील असे सर्वांस वाटले. दौलतने खड्डे खणले, रोपे लावली, पाणी घातले. महिन्याभरात ती माना टाकू लागली. सावलीने काही बिघडत नव्हते. मातीच्या पोटात ओल राहत नव्हती, कारण ती मी ओढून घेत होते. मग दौलतने शेणखत घातले. खताचा वास लागताच माझी खालची मुळे वर आली. आधी दहा होती तिथे शंभर झाली. मग त्याने पहारीने चर खणून माझी मुळे तोडली. मला दुखले, आणि कलम केलेल्या फांदीला जसे धुमारे फुटतात, तसे त्या तुटक्या टोकांना नवे झुबके फुटले. दौलत तिथे उकिडवा बसून मातीत बोटे घालून पाहत असे आणि स्वतःशीच म्हणे, "पानी जातंय तरी खयं?" मी त्याच्या डोक्यावर वारा घालीत उभी होते. त्याला वाटे, झाड माया करते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सिल्वेस्टरांचा धाकटा भाऊ ह्युबर्ट पाहुणा आला. तो एका साहेबाच्या बंगल्यावर माळ्यांचा मुकादम होता, आणि आपल्या कामाचा त्याला मोठा अभिमान होता.

"वयनी, असं नाही करत," तो म्हणाला. "कुंभाराकडून कुंड्या आणा. रोप कुंडीत लावा आणि कुंडी गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. आमच्या बंगल्यावर शंभर कुंड्या अशाच पुरल्यात मी. मातीचा गारवा राहतो, ऊन लागत नाही, आणि बघणाऱ्याला कुंडी दिसतसुद्धा नाही!"

दौलत बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाय, कुंडी पुरू नका. तिला खाली भोक हाय. बुडाला जमीन लागली का आतला आपला राहत नाय."

"तू मिठागरावरचा माणूस," ह्युबर्ट हसला. "तुला मीठ ओढायची फळी मारायला सांगितली तर मार. बागेतलं तुना काय कलतंय?"

सगळे हसले. दौलतही हसला, आणि कुंड्या पुरू लागला. साहेबाच्या बंगल्यावर त्या कुंड्या मोकळ्या हिरवळीत होत्या, तिथे माझ्यासारखे झाड नव्हते, हे ह्युबर्टच्या ध्यानात आले नाही.

मित्रांनो, इथून पुढे सांगताना मला संकोच होतो. प्रत्येक कुंडीच्या बुडाला बोटाएवढे एक भोक होते. पाणी घातले की जादा पाणी त्यातून झिरपे. माझ्या मुळास तो ओलावा प्रथम लागला तेव्हा मला आनंद झाला. एक केसाएवढे मूळ भोकातून आत शिरले. आत मऊ माती, कुजलेला पाला आणि रोज सकाळ-संध्याकाळ तळ्याचे गोड पाणी! एका मुळामागून दुसरे गेले. दोन महिन्यांत बारा कुंड्यांपैकी एकही माझ्यावाचून राहिली नाही. बाहेरून पाहणाऱ्यास कुंडीत नेचा दिसे. आत मी होते.

त्या उन्हाळ्यात नेचे पिवळे पडले, अळूची पाने कागदासारखी झाली. दौलतने आपण होऊन खेपा वाढवल्या. बाराच्या सोळा केल्या. एरवी विसावा घ्यायचा त्या भर दुपारी तो तळ्यावर जाऊ लागला. जितके तो घाली, तितके मी पीत गेले. आणि त्याच वर्षी मला असा बहर आला, की फांद्या वाकल्या! आकडे वीतभर लांब, गर जाड. क्लेमेंटिनाबाई शेजारणींना सुपे भरभरून वाटू लागल्या. "यंदा चिंचेनं घराचा मान राखला हो," त्या म्हणत. दौलत तो वाटा पोचवायला घरोघर जाई. स्वतःच्या घामाचे पाणी तो दुसऱ्याच्या दारी नेत होता, आणि ते त्याला ठाऊक नव्हते, मला ठाऊक होते.

पॉलचे पत्र चार महिने आले नव्हते. एकेक नेचा सुके, तसतसा बाईंचा जीव टांगणीला लागे. रोज सकाळी त्या क्रुसापाशी येत आणि मेलेली पाने मोजत असत. अशा मनःस्थितीत मनुष्यास कारण नको असते, दोषी हवा असतो.

मे महिन्यात लादीन सुरू झाले. एका संध्याकाळी आळीतील तीस-चाळीस माणसे क्रुसापुढे जमली होती. प्रार्थना आटोपली, चण्यांचे द्रोण फिरले. ह्युबर्टही आला होता. वाळलेल्या नेच्यांकडे बोट करून एक म्हातारी म्हणाली, "काय गो क्लेमेंटिन, क्रुसापाशी हे काय मसणवट केलंस?" दुसरी म्हणाली, "ह्युबर्टानं शिकवलेली बाग ना ही?" हशा पिकला. ह्युबर्टचे तोंड लाल झाले. तो उठला, एका कुंडीपाशी गेला, मातीत बोट खुपसले आणि ते जिभेला लावले.

"खारट!" तो ओरडला. "मी म्हणतच होतो! वयनी, ही माती खारट आहे. हा दौलत तळ्यावर जातच नाही. कोण जाईल एवढं लांब? खाडीच्या अंगाच्या डबक्यातून कावड भरतो आणि इथं आणून ओततो!"

चार जणांनी बोटे घातली, चाखली. "होय, खारट आहे," म्हणाले. मित्रांनो, ह्युबर्ट त्याच बोटांनी मिठातले चणे खात होता. त्या चौघांच्या हातांतही तेच द्रोण होते. ज्याच्या त्याच्या बोटाला मीठ लागले होते, आणि ज्याने त्याने ते दौलतच्या पाण्यात शोधले.

दौलत शेवटची खेप घेऊन नुकताच आत येत होता. कावड खांद्यावर तशीच होती.

"दौलत, मना खरा सांग," बाई पुढे येऊन म्हणाल्या. "पाणी कुठलं?"

"तल्याचाच, बाय. आज पन, काल पन."

"मग माती खारट कशी?"

"ते मना नाय ठावं. हे पानी चाखा ना तुमी."

"आज सगळे जमणार म्हणून आज गोड आणलं असशील," ह्युबर्ट म्हणाला. "रोजचं काय? मिठागरावरची सवय हाडात असते."

दौलतने कावड खाली ठेवली. क्रुसाच्या चौथऱ्यावर आपला तळहात टेकवला. "याची आन घेतो. पानी गोडाच होता."

"आपल्या देवाची घे की! आमच्या क्रुसाची कशाला?" ह्युबर्टने हटकले.

"ज्याला रोज पानी घालतो, त्याचीच आन घेतो," दौलत म्हणाला.

माझ्या अंगातून त्याच दुपारचे चार घागरी पाणी वर चढत होते. मी ते स्पष्ट अनुभवत होते. एक पान जरी मला बोलके असते! पण मी नुसती सळसळले, आणि वाऱ्याने झाडे सळसळतातच.

क्लेमेंटिनाबाईंनी तोंड फिरवले. "माझ्या पॉलच्या नवसाचं हिरवं तू मीठ घालून मारलंस," त्या म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नकोस."

दौलतने कावड उचलून माझ्या एका तुटक्या फांदीच्या खुंटाला अडकवली. "कावड तुमची हाय, बाय. मना काय बी बोला. माज्या पान्याला खारा बोलू नका, येवढाच." एवढे बोलून तो गेला. त्याच्या ओंजळीत कोणी चणे घातले नाहीत, आणि त्याने मागितलेही नाहीत.

त्यानंतर बाई स्वतः तळ्यावरून पाणी आणू लागल्या. तेही मी प्याले. झाडे सुकतच राहिली. ह्युबर्ट म्हणाला, "मातीत मीठ मुरलंय, वेळ लागेल." मग पावसाळा लागला. आकाशातून इतके पाणी पडले, की मला पुरून उरले, आणि कुंड्यांतल्या अर्धमेल्या नेच्यांना दोन-दोन हिरवी पाने फुटली. आळीतले लोक म्हणाले, "बघा, दौलत गेला आणि बाग हिरवी झाली!" त्याच्या निरपराधीपणाचा पुरावा जमिनीखाली आणि अपराधाचा पुरावा जमिनीवर, असा तो उलटा न्याय होता. त्याच आठवड्यात पॉलचे पत्र आले. तो खुशाल होता, बंदरात टपाल अडकले होते. बाईंची खात्रीच पटली. खुंटावरची कावड पावसात भिजत होती. तिच्या दोऱ्या कुजून तुटल्या. मी ती टाकून देऊ शकत नव्हते आणि तिच्याकडे पाहू शकत नव्हते.

ऑक्टोबरात आगेरा आला. हा नव्या भाताच्या कणसांचा सण. या दिवशी पहिली कणसे देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतात. देवळाच्या दाराशी शोभेला कुंड्या ठेवाव्यात, असे बाईंनी ठरवले. आदल्या दिवशी सिल्वेस्टरांनी एक कुंडी वर काढण्यास घेतली. कुंडी हलेना.

"अगो क्लेमेंटिन, कुणी खालून धरलीय जशी!"

"नीट ओढा हो. कचेरीत कागद उचलता तसं नको."

दोघांनी मिळून ओढली. ह्युबर्टही हात लावण्यास आला. कडाडकन आवाज झाला आणि कुंडी मधोमध फुटली. खापऱ्या गळून पडल्या. आतला गोळा तसाच उभा राहिला. कुंडीच्या आकाराचा, पण त्यात माती नव्हती. मूठभरही नव्हती. नुसती माझी तांबूस मुळे, केसांच्या गुंत्यासारखी दाट, एकावर एक वळून बसलेली. आणि त्या गुंत्याच्या डोक्यावर नेच्याचा एक बिचारा कोंब. खालून अंगठ्याहून जाड मूळ भोकातून आत गेले होते. भोक बोटाएवढेच होते, म्हणून ते तिथे चेपून नंतर पुन्हा सुजले होते.

सिल्वेस्टरांनी दुसरी कुंडी फोडली, तिसरी फोडली. बाराही फोडल्या. बाराहींत मीच निघाले. मित्रांनो, भर दिवसा, भर अंगणात, चोरीचा माल अंगावर घेऊन पकडले जाणे कसे असते ते मला विचारा.

क्लेमेंटिनाबाईंनी तो गोळा हातांत घेऊन पिळला. त्यातून पाणी ठिबकले. त्यांनी ते जिभेला लावले, आणि मटकन चौथऱ्यावर बसल्या.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी देवळातून परतताच नवरा-बायको पायी बाळकुमास गेली. मी जागची हलत नाही. तिथे काय झाले ते मी संध्याकाळी ओट्यावरच्या बोलण्यातून जाणले. दौलत पुन्हा मिठागरावर लागला होता. उन्हाळ्याअखेरच्या त्या कामाने पायांना पडलेल्या जखमा अजून भरल्या नव्हत्या. "मी पाय धरू गेले," बाई रडत सांगत होत्या, "तर मागं सरला. म्हणाला, पायाला हात लावू नका, बाय, मीठ लागंल."

त्याची बायको शेवंती मात्र इतकी मऊ नव्हती. ती बाईंना तोंडावर म्हणाली होती, "चार मानसांत बोललाव, चार मानसांतच धुवा. माज्या दारात रडून काय उपेग?"

म्हणून पुढल्या रविवारी त्याच माणसांना त्याच क्रुसापाशी बोलावणे गेले. मे महिना नसता लादीन झाले. दौलत काठी टेकत आला, शेवंती त्याच्यामागून. बाईंनी त्या सकाळी स्वतः कावडीला नव्या दोऱ्या बांधल्या होत्या, आणि सिल्वेस्टरांनी कारकुनी खांद्यावर ती घेऊन तळ्यावरून पाणी आणले होते. वाटेत निम्मे सांडले, ते निराळे. त्याच पाण्यात चणे उकडले होते.

द्रोण फिरले. म्हातारीने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडे केले. "क्लेमेंटिन, मीठ विसरलीस गो!"

"विसरले नाही," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "मीठ घातलेलंच नाही. मेमध्ये आपण सगळ्यांनी मिठाच्या बोटांनी माती चाखली आणि या माणसाचं पाणी खारट ठरवलं. पहिला दोष माझा. क्रुसावर हात ठेवून तो खरं बोलला, आणि मी क्रुसापाशी उभी राहून खोटं मानलं. आज कुणाच्या बोटाला मीठ नाही. ज्याला चाखायचं त्यानं आज चाखावं." त्यांनी कावडीतल्या पाण्याचा तांब्या भरून प्रथम ह्युबर्टपुढे धरला.

ह्युबर्टने पाण्याकडे पाहिले, मग दौलतकडे. एक घोट घेतला. "गोड आहे," तो अगदी हळू म्हणाला.

"मागल्या लायनीत आयकू नाय आला," शेवंती म्हणाली.

"गोड आहे!" ह्युबर्ट मोठ्याने म्हणाला, खाली बसला, आणि तो सगळा अळणी द्रोण मान वर न करता त्याने संपवला.

मग सिल्वेस्टरांनी कोपऱ्यातून कुऱ्हाड आणली. आयुष्यात त्यांना कोणी इतके रागावलेले पाहिले नव्हते. "ही खरी चोर," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "हिला आज मुळासकट काढतो."

खरे सांगते, मला सुटल्यासारखे वाटले. घाव पडला असता तर माझी लाज तरी संपली असती. परंतु दौलत काठी टेकत पुढे आला. त्याने त्या मुळांच्या गोळ्यावर हात फिरवला, आणि हसला. "अगो, तू होतीस होय! आनि मी मेला तुलाच इचारत होतो, पानी जातंय खयं म्हनून!" त्याने माझ्या बुंध्यावर थोपटले. "पावनं, कुऱ्हाड ठेवा. तान लागली तिला, ती प्याली. तिला तोंड नाय. ज्यांना तोंड होता त्यांनी तरी कुठं इचारला?"

त्या थोपटण्याने माझ्यावर जो घाव पडला, तसा कोणत्याही कुऱ्हाडीने पडला नसता.

दौलत नोकरीवर परत आला नाही. बाईंनी फार विनवले. तो म्हणाला, "राग नाय, बाय. पन आता कावड खांद्यावर घेतली का दर खेपेला मी आदी चाखून बघीन. तसा काम नाय होत." मिठागरावरच तो पुन्हा राहिला. परंतु पुढच्या वैशाखात शेवंती एक टोपली घेऊन आली. तिचे माहेर येऊरच्या डोंगरापायथ्याशी. टोपलीत रानहळदीचे आणि भुईचाफ्याचे कंद होते.

"दाट झाडांखाली डोंगरात हेच उगवतात," ती बाईंना म्हणाली. "पावसात जागतात, दिवाली झाली का जमिनीत निजतात. चिंचेला तान लागते उन्हाल्यात, तवा हे मागत नाय काय. मोठा खड्डा खनू नका. मुळांच्या बेचक्यात मूठभर जागा हाय ना, तिथं दोन बोटं खाली ठेवा, वर पालापाचोला घाला. आनि नेचे ठेवायचंच असतील तर कुंडी दगडावर ठेवा, दर आठ दिसांनी उचलून बघा."

असेच केले. पहिल्या पावसाळ्यात माझ्या जाड मुळांच्या खोबणींतून रुंद हिरवी पाने वर आली आणि त्यांच्यामधून रानहळदीचे गुलाबी तुरे. क्रुसाच्या चौथऱ्याभोवती गालिचा अंथरल्यासारखे झाले. मी त्यांचे काही घेत नाही, ती माझे काही मागत नाहीत. दगडांवरच्या कुंड्यांतले नेचे उन्हाळाभर हिरवे राहतात. त्यांच्यावरच बाईंचा नवस पुरा झाला. त्या वर्षीच्या नाताळास पॉल परत आला, आणि पहिल्याच दिवशी झालेल्या आभाराच्या लादिनात त्याने विचारले, की आपल्या घरचे चणे अळणी का. कारण तेव्हापासून या अंगणातल्या लादिनाला चण्यांत मीठ घालीत नाहीत. नवे पाहुणे कुरकुरतात. मग कोणी तरी त्यांना ही हकीकत सांगते, आणि मला ती दर वर्षी पुन्हा ऐकावी लागते. ऐकणेच योग्य आहे.

गेल्या साली दौलत वारला. शेवंती यंदाही कंद लावण्यास एकटी आली होती. जाताना तिने माझ्या बुंध्याला टेकून घटकाभर पाय पसरले. मी सावली शक्य तेवढी दाट धरली. माझ्याजवळ देण्यासारखे दुसरे काही नव्हते.

मित्रांनो, मला मुळे आहेत, म्हणून मी पाणी ओढते. मला वाणी नाही, म्हणून मी साक्ष दिली नाही. तुम्हांस वाणीही आहे आणि हातही आहेत. रोप सुकले तर पाणी घालणाऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी तेच बोट धुऊन वीतभर माती उकरून पाहा. आणि उन्हाळ्यात माझा एखादा आकडा तुमच्यापुढे पडला, तर तो खुशाल उचला. आंबट लागेल, तोंड वाकडे करू नका. त्यात एका खऱ्या माणसाने तळ्यावरून वाहून आणलेले गोड पाणी आहे.